शिरस्ता आणि अग्निबाण

प्रस्तुत ग्रंथाला प्रस्तावना लिहून द्यावी असा आग्रह ग्रंथकर्त्यांनी माझ्याकडे धरला, तेव्हा मी त्यांस मोकळेपणाने सांगितले की, अंतराळयानांविषयीचे माझे ज्ञान सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र चाळणाऱ्या कोणत्याही गृहस्थाच्या ज्ञानाहून रतिभरही अधिक नाही, आणि संगणकाशी माझा जो काही परिचय झाला तो सेवानिवृत्तीला उणीपुरी चार वर्षे राहिली असताना, व तोही वरिष्ठांच्या हुकमामुळे. यावर ते हसले आणि म्हणाले, "पण हे पुस्तक अग्निबाणांविषयी नाहीच मुळी, ते दप्तराविषयी आहे, आणि दप्तरात तुमची हयात गेली." हस्तलिखित वाचून संपवले तेव्हा या उत्तरातला विनोद ओसरून त्यातले तथ्य तेवढे उरले. नष्ट झालेल्या यानांच्या ज्या कहाण्या येथे सांगितल्या आहेत त्यांपैकी एकीतही यंत्राने आपल्या मनाने काही केलेले नाही. संगणकाला जे सांगण्यात आले ते त्याने अक्षरशः केले; मात्र ते तसे का सांगितले हे ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते, त्या दोहोंच्या मध्ये एखादा कागद निघालाच नव्हता, किंवा निघून शेकडो कागदांच्या खाली दबला होता.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक क्षुल्लक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या कचेरीत मी प्रथम कारकून म्हणून रुजू झालो, तेथून दरमहा वरच्या कचेरीकडे एक माहेवार पत्रक जात असे व त्यात 'कंदील व तेलवात' असा एक रकाना असे. कचेरीत विजेचे दिवे येऊन बरीच वर्षे लोटली होती. तरी त्या रकान्यात दरमहा न चुकता 'निरंक' असे लिहिले जाई. मी एकदा धीर करून शिरस्तेदारसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की वरून मागतात म्हणून लिहितो. पुढे योगायोगाने माझी बदली त्याच वरच्या कचेरीत झाली, आणि तेथे कळले की खालून येते म्हणून तो रकाना ठेवलेला आहे. या रकान्याने सरकारचे नुकसान झाले ते दौतभर शाईचे. परंतु असाच एक रकाना एकदा अग्निबाणात बसून आकाशात गेला, आणि त्याची हकीकत हेच या ग्रंथाचे हृदय आहे असे मी समजतो.

४ जून १९९६ रोजी सकाळी, दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेंच गयानात कुरू येथील तळावरून, युरोपचा 'आरियान ५' हा नवा अग्निबाण आपल्या पहिल्या उड्डाणासाठी सुटला. पृथ्वीचे चुंबकीय आवरण आणि सूर्याकडून येणारा कणांचा वारा यांच्या अभ्यासासाठी सिद्ध केलेले 'क्लस्टर' नावाचे चार उपग्रह त्याच्या शिरोभागी होते. ३६ सेकंदांपर्यंत सर्व काही यथास्थित चालले. त्यानंतर अग्निबाणाची दिशा व गती क्षणोक्षणी मोजून मुख्य संगणकाला कळवणारी यंत्रणा एकाएकी बंद पडली. आडव्या गतीशी निगडित असलेला एक अंक, जो ६४ बिटांच्या प्रशस्त वाड्यात सुखाने राहत होता, तो १६ बिटांच्या खोलीत, म्हणजे जेथे ३२७६७ पेक्षा मोठा अंक मावतच नाही अशा खोलीत नेऊन बसवण्याचा हुकूम आज्ञावलीत होता. अंक त्याहून मोठा झाला आणि हुकमाची तामिली अशक्य झाली. अशा प्रसंगी काय करावे याचाही नियम ठरलेला होता. चूक उद्भवली तर ती यंत्राच्या एखाद्या भागाच्या आकस्मिक बिघाडामुळेच उद्भवणार, कारण आज्ञावली तर निर्दोष आहे, असे गृहीत धरून यंत्रणेने स्वतःस बंद करून घ्यावे आणि कारभार जोडीच्या यंत्रणेकडे सोपवावा. परंतु ती जोडीची यंत्रणा म्हणजे पहिलीचीच हुबेहूब नक्कल. ती त्याच कारणाने ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडून बसली होती. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकच चुकीचा पाठ म्हणावा आणि त्यांतील दुसऱ्याला पहिल्याचा परीक्षक नेमावे, तशातला हा प्रकार होता. यंत्रणेने आपल्या बिघाडाची म्हणून जी नोंद रवाना केली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि कधी न घडलेले दिशांतर दुरुस्त करण्यासाठी इंजिनांची मुखे पूर्णपणे वळवली. अग्निबाण हवेच्या प्रवाहाला तिरपा झाला, मोडू लागला, आणि अशा वेळी स्वतःचा नाश करण्याची जी व्यवस्था त्यात होती तिने आपले काम चोख केले. त्याचे तुकडे तळाजवळच्या दलदलीत विखुरले. त्या दोन्ही यंत्रणा तेथूनच शोधून काढून पुढे तपासण्यात आल्या.

येथवरची हकीकत अनेकांनी वाचलेली असेल, आणि 'एका मोठ्या अंकाने अग्निबाण पाडला' असे म्हणून ती पुष्कळदा मिटवलीही जाते. ग्रंथकर्त्यांचे श्रेय हे की ते येथे थांबत नाहीत. तो अंक ज्या गणितात निर्माण झाला ते गणित अग्निबाणाने जमीन सोडल्यानंतर कोणत्याही उपयोगाचे नव्हते. ते उड्डाणापूर्वी यंत्रणेची मांडणी बिनचूक करण्यासाठी होते. मग ते उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद का चालू ठेवले होते? याचे उत्तर 'आरियान ४' या आधीच्या अग्निबाणात सापडते. त्याच्या उलटगणतीत अगदी शेवटच्या काही सेकंदांत खोळंबा झाला, तर ही मांडणी पहिल्यापासून करावी लागे व त्यात पाऊण तास जाई. तो वाचावा म्हणून गणित थोडे पुढे चालू ठेवण्याची तजवीज करण्यात आली होती आणि १९८९ मध्ये एका उड्डाणाच्या वेळी ती खरोखर कामीही आली होती. नव्या अग्निबाणाची पूर्वतयारीच निराळी असल्यामुळे त्याला या सोयीची गरज राहिली नव्हती. तरीही, जे चालते आहे त्याला विनाकारण हात लावू नये, या जगातल्या सर्व कचेऱ्यांना ठाऊक असलेल्या न्यायाने, ती तशीच पुढे आली. कंदील गेला, रकाना राहिला.

याहूनही मनाला चटका लावणारा भाग पुढेच आहे. धोका कोणाच्या ध्यानात आलाच नव्हता असे नाही. असे सात अंक मर्यादेबाहेर जाऊ शकतील हे तपासाअंती दिसून आले होते; त्यांपैकी चारांना संरक्षण देण्यात आले आणि तिघांना देण्यात आले नाही, कारण त्या संगणकावर ८० टक्क्यांहून अधिक भार पडू नये अशी अट होती व या तिघांची मूल्ये तेवढी वाढणे शक्य नाही असा हवाला होता. 'आरियान ४' च्या मार्गापुरता तो हवाला खराही होता. नव्या अग्निबाणाची आडवी गती आरंभीच कितीतरी अधिक असे. पण नव्या मार्गाची माहिती या यंत्रणेच्या अटींत अंतर्भूत करू नये असे संबंधितांनी आपसात ठरवले होते, आणि ज्या तालमीत ही विसंगती उघडी पडली असती त्या तालमीत खरी यंत्रणा बसवलीच गेली नाही. फ्रेंच गणिती झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने आपल्या अहवालात नमूद केले आहे की, तिघांना संरक्षण न देण्याच्या निर्णयाचे कारण आज्ञावलीच्या मजकुरात कोठेही नव्हते. ते कागदपत्रांच्या ढिगात होते, कोणी हेतुपुरस्सर लपवले नव्हते, तरी बाहेरून तपासणी करणाऱ्याला ते दिसणे जवळजवळ अशक्य होते. निर्णयाची नक्कल पुढच्या पिढीला मिळाली. त्यामागची कैफियत मिळाली नाही.

दुसरी कहाणी मंगळाची. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकन यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी, मंगळाभोवती कक्षा धरण्याच्या मुहूर्तावर, ग्रहाच्या पाठीमागे गेले ते परत दिसलेच नाही. ते अपेक्षित वेळेच्या ४९ सेकंद आधीच दृष्टीआड झाले होते. या यानाच्या नाशाचे कारण शाळकरी मुलांनाही सांगता येते: एका पक्षाने पाउंडांत मोजले, दुसऱ्याने न्यूटनांत. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या जमिनीवरील आज्ञावलीने छोट्या झोतांच्या धक्क्यांचे आकडे इंग्रजी मापात लिहिले, आणि पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या मार्गनिरीक्षकांनी ते मेट्रिक समजून वाचले. त्यामुळे प्रत्येक धक्का त्यांना साडेचारपटीच्या आसपास कमी दिसत राहिला. वस्तुतः कोणते माप वापरावयाचे हे उभय पक्षांतील लेखी मसुद्यात स्पष्ट नमूद होते, आणि ते मेट्रिकच होते. म्हणजे करार शाबूत, सह्या शाबूत, फक्त कराराबरहुकूम काम झाले की नाही हे पाहणारा कोणी नाही. इतक्या सोप्या चुकीवर जग हसले, आणि हसून झाल्यावर पुढचे वाचायचे विसरले.

पुढचे असे आहे. पहिले चार महिने त्या आकड्यांच्या फाइली सदोष असल्यामुळे वापरल्याच गेल्या नाहीत. एप्रिलपासून वापरू लागल्यावर अल्पावधीतच मार्गनिरीक्षकांना शंका आली की हे आकडे यानाच्या प्रत्यक्ष चालीशी जुळत नाहीत. त्यांनी ही शंका बोलून दाखवली, ई-मेलने कळवलीही. परंतु अशा शंकेची रीतसर नोंद करून तिचा निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करण्याची जी व्यवस्था त्या संस्थेत होती, तिच्या बारनिशीत ही तक्रार कधीच चढली नाही. आपल्याकडे तोंडी तक्रारीला कचेरीत काय किंमत असते हे मी वेगळे सांगायला नको. यानाने मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावे असा बेत होता. शेवटच्या आठवड्यात हिशेब १५० ते १७० वर आला, कक्षाप्रवेशाच्या आदल्या दिवशी ११० वर. ८० च्या खाली यान तगणार नाही हे माहीत होते. आणि प्रत्यक्षात ते ५७ किलोमीटरांवरून गेले असे मागाहून निष्पन्न झाले. मार्ग सुधारण्याची एक अखेरची संधी शिल्लक होती, तिची चर्चाही झाली, पण तिची सिद्धता आधी केलेली नव्हती. नासातील अवकाशविज्ञानाचे तत्कालीन प्रमुख एडवर्ड वायलर यांनी अपघातानंतर काढलेल्या उद्गारांचा आशय असा की, माणसाच्या हातून चूक होणे ही खरी अडचण नव्हती, ती पकडण्यासाठी उभारलेली सर्व व्यवस्था तिला पकडू शकली नाही ही होती. सर्वच साहेबांना ही सद्बुद्धी सुचती तर कित्येक कारकुनांच्या चाकऱ्या वाचल्या असत्या.

त्याच वर्षीच्या आणखी दोन हानींचा मी केवळ उल्लेख करतो, कारण ग्रंथात त्यांचा विस्तार पुरेसा आहे. ३० एप्रिल १९९९ रोजी फ्लॉरिडातून उडालेल्या टायटन अग्निबाणाच्या सेंटॉर या वरच्या टप्प्यात −१.९९२४७६ हा अंक −०.१९९२४७६ असा टंकला गेला, आणि लष्करी दळणवळणाचा मिलस्टार उपग्रह निरुपयोगी कक्षेत जाऊन पडला. कित्येक चाचण्या झाल्या होत्या, पण उड्डाणात वापरावयाचा तो नेमका अंक त्यांपैकी एकीतूनही गेला नव्हता. डिसेंबरात 'मार्स पोलर लँडर' मंगळावर उतरताना हरवले. त्याने मूक राहूनच प्राण सोडला असल्यामुळे कारण निर्विवाद सांगता येत नाही. परंतु सर्वांत संभाव्य मानले गेले ते असे की, पाय उघडताना बसलेल्या हिसक्याला 'पाय जमिनीला लागले' अशी वर्दी समजून आज्ञावलीने सुमारे ४० मीटर उंचीवरच इंजिने बंद केली. असा हिसका बसतो हे अभियंत्यांना ठाऊक होते. संपूर्ण यानाच्या अटींत त्याचा बंदोबस्तही सांगितला होता; मात्र ती अट जेव्हा आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या कागदावर उतरली तेव्हा अट तेवढी उतरली, हिसक्याचा उल्लेख वरच राहिला. पायांची चाचणी घेतली गेली त्या वेळी स्पर्श ओळखणाऱ्या उपकरणांच्या तारा चुकीच्या जोडलेल्या होत्या; त्या दुरुस्त केल्यावर पाय उघडण्याची ती चाचणी पुन्हा घेतली गेली नाही.

हे सारे परदेशचे झाले, आपल्याकडे काय, असे मराठी वाचक विचारील आणि त्याने ते विचारावेच. २० सप्टेंबर १९९३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण झाले. दुसरा टप्पा विलग होताना यान हेलकावले, आणि त्याला सावरण्याच्या गणितात आज्ञावलीतील एक अंक मर्यादेबाहेर गेला. आयआरएस-१ई हा उपग्रह कक्षेत न जाता अग्निबाणासह बंगालच्या उपसागरात गेला. म्हणजे कुरूला जो दोष १९९६ मध्ये जगाला दिसला, त्याच्याच जातीचा दोष तीन वर्षे आधी आपल्या पदरी आला होता. आपल्या लोकांनी तो दुरुस्त केला, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले, आणि पुढे याच अग्निबाणाने चांद्रयान-१ व मंगळयान वाहून नेले. २०१९ च्या सप्टेंबरात विक्रम हा अवतरक चंद्रावर आदळला. त्याविषयी इस्रोचे नंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितले ते असे की, इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक भरला, लहान लहान चुका साचत गेल्या, यानाने किती वेगाने वळावे याला आज्ञावलीत मर्यादा होती, आणि उतरण्यासाठी नेमून दिलेली जागा अवघी ५०० मीटर लांब-रुंद होती. चांद्रयान-३ मांडताना काय यशस्वी होईल यापेक्षा काय काय फसू शकेल हे आधी धरण्यात आले, आणि २३ ऑगस्ट २०२३ ची सायंकाळ आपण सर्वांनी पाहिली.

ग्रंथातील एका प्रकरणाने मला विशेष आनंद दिला. अपोलो यानांची आज्ञावली लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांची लहान मुलगी आईबरोबर प्रयोगशाळेत येई, व एके दिवशी तिने खेळता खेळता कळा दाबून, यान उड्डाणात आहे असे धरलेले असताना, उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम सुरू केला आणि सारी तालीम कोलमडली. अशा चुकीपासून रक्षण करणाऱ्या ओळी घालाव्यात असे बाईंनी सुचवले, तेव्हा अंतराळवीर इतके प्रशिक्षित असतात की त्यांच्या हातून असे घडणारच नाही, असे उत्तर मिळाले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राहून परतत असताना जिम लव्हेल यांच्या हातून नेमके तेच घडले. पोरीने जे निदर्शनास आणले ते साहेबांनी दप्तरदाखल केले होते, एवढाच याचा अर्थ.

याच्या उलट टोकाला, अमेरिकन स्पेस शटलची सुमारे ४,२०,००० ओळींची आज्ञावली सांभाळणारा ह्यूस्टनचा गट होता. तेथे प्रत्येक ओळीतील प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला याची नोंद असे. आणि चूक सापडली की ती कोणाची हे विचारण्याआधी, ती आपल्या तपासणीतून निसटली कशी आणि तशीच आणखी कोठे निसटली असेल, हे विचारले जाई. तेथे नोकरी करणे कंटाळवाणे असावे असे वाटते. कंटाळवाण्या कामाबद्दलचा माझा आदर मात्र हे वाचून दुणावला.

ग्रंथकर्त्यांशी माझा एक मतभेद येथे नोंदवणे कर्तव्य आहे. ते सर्वत्र 'प्रक्रिया' हा शब्द वापरतात आणि प्रक्रिया पाळली गेली नाही म्हणून यान गेले असा सूर लावतात. मला हे अर्धेच पटते. कुरूला प्रक्रिया पाळली गेली होती. संमती घेतली होती, कागद केले होते, शिक्कामोर्तब झाले होते. तेथे जे चालले होते त्याला आपल्या भाषेत 'शिरस्ता' असा अचूक शब्द आहे: कारण गळून पडल्यावर जे उरते आणि तरीही पाळले जाते ते. मंगळाच्या यानाबाबत मात्र त्यांचे म्हणणे यथार्थ आहे. तेथे रीत होती आणि ती कोणी अवलंबली नाही. हे दोन रोग वेगळे आहेत, त्यांचे औषधही वेगळे, आणि ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत ते वेगळे मांडले जावेत.

परिभाषेविषयी दोन शब्द. सॉफ्टवेअरला येथे 'आज्ञावली' म्हटले आहे ते मला आवडले, कारण त्यात हुकूम देणारा आणि तामिली करणारा दोघेही दिसतात. परंतु बिट, ई-मेल, फाइल या शब्दांची भाषांतरे न करण्याचा विवेक ग्रंथकर्त्यांनी दाखवला आहे, त्याबद्दल वाचकांच्या वतीने मी त्यांचे आभार मानतो. गणिताची भीती वाटणाऱ्यांनी चौथे प्रकरण खुशाल वगळावे. परिशिष्टे मात्र वगळू नयेत.

पहिल्या परिशिष्टात लिओंस समितीच्या अहवालाचा सविस्तर सारांश आहे. हा अहवाल अपघातानंतर अवघ्या ४५ दिवसांनी, १९ जुलै १९९६ रोजी, सादर झाला व जगापुढेही ठेवण्यात आला, आणि त्यात युरोपच्या अंतराळ संस्थेने आपली नामुष्की स्वतःच्या हाताने लिहून काढली आहे. विक्रमच्या चौकशीविषयी अधिकाऱ्यांनी मुलाखतींतून पुष्कळ सांगितले, तरी तिचा संपूर्ण अहवाल सार्वजनिक झालेला नाही. त्याच्यासाठी या ग्रंथात आणखी एका परिशिष्टाची जागा राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. तूर्त तेथे 'निरंक' एवढेच छापावे.